निशाणी नांगर : जुन्या दस्तऐवजांवरील रेखाकृतींचा विचार

जुन्या मराठी कागदपत्रांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस महजराच्या अखेरीस येणारी नांवांची ओळ नवीन नाहीं. मजकूर संपला, मिति पडली, म्हणजे गोताचीं नांवें सुरू होतात. आणि कांहीं नांवांच्या शेजारीं अक्षरांऐवजीं चार-दोन रेघांची एक आकृति असते. जवळच लेखकानें 'निशाणी नांगर' किंवा असेंच कांहीं लिहिलेलें असतें. आपण वाचणारे ते शब्द वाचतों, उतरून घेतों आणि पुढील नांवाकडे वळतों. आकृति कशाची हें शब्दांनींच सांगितलेलें असल्यामुळें तिच्याकडे निराळें पाहण्याची गरज आपणांस वाटत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय ती न पाहिलेली आकृति हा आहे. ती निरक्षरतेची केवळ खूण नसून एक स्वतंत्र पुरावा आहे, आणि उतारा करण्याच्या आपल्या नित्याच्या पद्धतीनें तो पुरावा हातचा जात आहे, एवढेंच येथें मांडावयाचें आहे.

धर्मशास्त्रांत लेख्याचा विचार सविस्तर आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लेख्याचें निराळें प्रकरणच आहे. मजकूर पुरा झाल्यावर ऋणकोनें स्वहस्तें आपलें नांव घालावें, आपण अमुकाचा पुत्र असून वर लिहिलेलें आपणांस मान्य आहे असें लिहावें, साक्षीदारांनींहि पित्याच्या नांवासह स्वहस्तें लिहावें, असा तेथील आशय आहे. ज्यास लिपि येत नाहीं त्यास स्मृतिकार 'अलिपिज्ञ' म्हणतात. आणि त्यानें आपली संमति साक्षीदारांसमक्ष दुसऱ्याकडून लिहवून घ्यावी असें सांगतात. अशा वेळीं संमति त्याची असते, अक्षर परक्याचें असतें. व्यवहार सिद्ध होतो, परंतु त्या माणसाच्या हाताचें असें कागदावर कांहींच राहत नाहीं. मराठी दस्तऐवजांतील निशाणी ही उणीव भरून काढते. नांव कुलकर्ण्याच्या वळणाचें असलें तरी त्याच्या शेजारची खूण त्या नांवाच्या धन्याची. 'निशाणी' हा शब्द मूळ फारसी 'निशान' यावरून आला, आणि मराठींत तो इतका रुळला कीं पुढें इंग्रजी अमदानींतील खतांवरहि तोच राहिला.

या निशाण्या कोणत्या, हें संग्राहकांस ठाऊक असलें तरी एकत्र सांगणें सोयीचें होईल. पाटलाची व कुणब्याची निशाणी नांगर. शेट्याची तागडी. सुताराची वाकस किंवा किंकरें, न्हाव्याचा आरसा, चांभाराची रापी. स्त्री कोणत्याहि घरची असो, तिची निशाणी बांगडी. स्थळ व काळ यांप्रमाणें यांत फरक पडतो, आणि एकाच धंद्याची दोन गांवांतील हत्यारें निराळीं असूं शकतात. परंतु तत्त्व एकच दिसतें. ज्या वस्तूवर त्या माणसाचा हात रोज पडतो ती वस्तु त्याच्या नांवाच्या जागीं उभी राहते.

आतां आकृतीचा विचार करूं. नांगर ही वस्तु लहान नव्हे. तिला खोड आहे, फाळ आहे, लांब हाळीस आहे, उभें रुमणें आहे, त्यावर मूठ आहे. जूं, दोर व बैल निराळेच. कागदावर नांवाशेजारीं जागा मिळते ती बोटभर, आणि साधन म्हणजे बोरू. एवढ्या जागेंत नांगर उतरतो तो बहुधा तीन-चार रेघांत. एक लांब तिरपी रेघ म्हणजे हाळीस. तिच्या एका टोकाशीं खालीं टोंकदार झालेली आंखूड रेघ म्हणजे फाळासह खोड. तेथूनच वर गेलेली रेघ म्हणजे रुमणें. छाया नाहीं, जमीन नाहीं, हांकणारा नाहीं. वस्तु तीन परिमाणांची, आकृति दोन परिमाणांची. तरीहि पाहणाऱ्यास क्षणभर शंका येत नाहीं.

हें साधतें कसें, याचें उत्तर चित्रकलेच्या ग्रंथांत शोधण्यापूर्वीं प्रस्तुत लेखकास तर्कशास्त्राची आठवण झाली. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यानें बाळपणीं घोकला असेल त्यास लक्षणाचे तीन दोष विसरणें शक्य नाहीं. गाईचें लक्षण करतांना ती कपिल वर्णाची असें म्हटलें तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ति. तिला शिंगें असतात असें म्हटलें तर म्हशीहि आंत येतात, ही अतिव्याप्ति. तिचें खूर न दुभंगलेलें असतें असें म्हटलें तर एकहि गाय सांपडत नाहीं, हा असंभव. जें गाईंत सर्वत्र आहे आणि अन्यत्र कोठेंहि नाहीं तेंच लक्षण. म्हणून गळ्याची पोळी, जिला शास्त्रांत सास्ना म्हणतात, ती पुढें येते.

निशाणी हें रेघांनीं केलेलें असेंच लक्षण आहे. कुळवासहि दांडी असते व रुमणें असतें. तेव्हां दांडी व रुमणें एवढेंच काढून थांबलें तर कुळवहि नांगरांत जमा होईल. ती अतिव्याप्ति टाळावयाची म्हणून खालचें टोंकदार खोड काढावें लागतें, आणि कुशल निशाणींत बोरूचा दाब तेथेंच वाढलेला असतो. उलट दोराची गांठ, मुठीवरील नक्षी, एखाद्या घरच्या नांगराची विशेष वांक, हें सर्व काढलें तर ती त्या एका नांगराची नक्कल होईल, नांगराची निशाणी होणार नाहीं, ती अव्याप्ति. म्हणून काय गाळलें हेंहि पाहण्यासारखें असतें. वस्तूची कोणती बाजू दाखवावयाची यांतहि हाच विवेक आहे. नांगर नेहमीं बाजूनें दिसतो, कारण त्याचे सर्व अवयव बाजूनेंच उलगडतात. समोरून पाहिल्यास तो एक उभा दांडा आहे. तागडी व आरसा समोरून, कारण दांडीची समता व पारड्यांची जोडी समोरूनच कळते, आणि आरसा बाजूनें पाहिल्यास नुसती पट्टी आहे. हा निवड करणारा माणूस अलिपिज्ञ होता हें ध्यानांत घेतलें म्हणजे आपण ज्यास अडाणी म्हणतों त्याच्याविषयीं थोडें सावधपणानें बोलावेंसें वाटतें.

अक्षर न जाणणाऱ्यांसाठीं आकृति योजण्याची रीति महाराष्ट्रांत त्याहून पुष्कळ जुनी आहे. शिलाहार व यादव काळांतील दानलेखांच्या शिळांवर माथ्याशीं चंद्र व सूर्य कोरलेले आढळतात. दान चंद्रसूर्य असेतों चालावें, हा 'आचंद्रार्क' शब्दाचा अर्थ तेथें एक वर्तुळ व एक कोर एवढ्यांत सांगितला आहे. खालीं कित्येक ठिकाणीं गद्धेगाळ असते. दान मोडणारास जी शिवी द्यावयाची ती तिच्यांत कोरून ठेवलेली असते. अलिबागेजवळील आक्षी येथील शिळा या वर्गांतील प्रसिद्ध आहे. परंतु या आकृतींत व निशाणींत एक मोठा भेद आहे. शिळेवरील चंद्रसूर्य हें लेख देणाऱ्यानें न वाचणाऱ्यास उद्देशून केलेलें भाषण होय. निशाणींत न लिहिणारा स्वतः बोलतो.

तो स्वतः बोलतो असें म्हटलें, परंतु प्रत्येक निशाणी धन्यानेंच काढली असेल असें नव्हे. पुष्कळदां लेखकच आकृति काढी. जेथें 'दस्तुर' म्हणून दुसऱ्याचें नांव पडलें आहे तेथें प्रश्न मिटतो. जेथें तसें नाहीं तेथें मूळ कागद पाहून निर्णय करावा लागतो. यासाठीं कांहीं गमकें उपयोगीं पडतात. मजकुराची व आकृतींची शाई एकसारखी आहे काय? अनेक निशाण्या एकाच ओढीच्या, एकाच उंचीच्या व एकाच कलाच्या आहेत काय? तशा असल्या तर त्या एका हाताच्या, म्हणजे बहुधा लेखकाच्या. उलट एखादी रेघ मध्येंच थांबून पुन्हा सुरू झाली असेल, आरंभीं शाईचा ठिपका सांचला असेल, बोरू उलटा धरल्यामुळें जाड रेघेच्या जागीं बारीक रेघ आली असेल, आकृति ओळ सोडून खालीं गेली असेल, तर तो हात लेखणीचा नव्हे हें कळतें. ज्या हातास लेखणीची सवय नाहीं तो हात, हाच येथें खरेपणाचा दाखला होतो. अक्षर परीक्षेंत जो दोष तो निशाणींत गुण, ही गोष्ट शाळामास्तरकी केलेल्या माणसास पचावयास थोडा वेळ लागला.

एक आक्षेप येथें साहजिक आहे. तीन रेघांचा नांगर कोणीहि काढील. मग त्याचें प्रामाण्य काय? उत्तर असें कीं, निशाणीचें प्रामाण्य तिच्या अनुकरण न होण्यांत नव्हतेंच. महजर गोतसभेंत होई. पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार, शेजारच्या गांवचे वतनदार समोर बसलेले असत, आणि नांगर कोणी काढला हें दहा-वीस डोळ्यांनीं पाहिलेलें असे. सीमेच्या वादांत महाराच्या साक्षीस मोठें वजन असे, आणि त्याची निशाणी पाटलाच्या नांगराच्याच कागदावर पडे. गोतसभा व महजर यांचें स्वरूप डॉ. वि. त्रिं. गुणे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथांत विस्तारानें दाखविलें आहे. निशाणी ही त्या सभेची कागदावर उरलेली पडछाया होय.

शिवाय पाटलाच्या बाबतींत नांगर हा नुसता सहीचा पर्याय नव्हता. तो वतनाचा हक्क होता. पाटीलकी विकली गेली किंवा भावांत वांटली गेली म्हणजे मानपानाची यादी होई. टिळा, विडा, होळीची पोळी, पोळ्याचा बैल यांबरोबर नांव व नांगर यांचीहि वांटणी ठरे : कागदावर पहिला नांगर कोणाचा, त्याखालीं कोणाचा. ज्या कागदावर दोन नांगर आहेत तेथें ते वर-खालीं आहेत कीं शेजारीं आहेत, सारख्या आकाराचे आहेत कीं नाहींत, दोन हातांचे आहेत कीं एका, या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरांत एका घराण्याचा तंटा दडलेला असूं शकतो. आणि याच ठिकाणीं प्रस्तुत लेखकास स्वतःची एक चूक सांगणें प्राप्त आहे.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, नोकरीच्या आरंभीच्या काळांत, एका जुन्या पाटील घराण्याचें दप्तर पाहण्याचा योग मला आला. त्यांत वतनाच्या भांडणाचा एक लांब महजर होता. दोन दिवस वाड्याच्या ओसरीवर बसून मीं तो मोडींतून बालबोधींत उतरून घेतला. नांवें जशींच्या तशीं घेतलीं, मिति ताडून पाहिली, आणि निशाण्यांच्या जागीं 'निशाणी नांगर', 'निशाणी नांगर' असें दोनदां लिहून पुढें गेलों. उताऱ्याच्या शुद्धतेचा मला तेव्हां अभिमान होता. पुढें बऱ्याच वर्षांनीं त्या घराण्याच्या दुसऱ्या शाखेचे कागद पाहण्यांत आले, आणि त्यांवरून अशी शंका आली कीं महजरावरील दुसरा नांगर मागाहून घातलेला असावा. मी पुन्हा त्या गांवीं गेलों. वाड्याचें छप्पर गळलें होतें, रुमालास वाळवी लागली होती, आणि गुंडाळीचा जो भाग गेला होता तो नेमका अखेरचा. आज त्या महजराचा पुरावा म्हणजे माझी वही. तिच्यांत दोन ओळी आहेत, दोन्ही माझ्या अक्षरांत, दोन्ही सारख्या. शाई एक होती काय, रेघ एका हाताची होती काय, हें मला सांगतां येत नाहीं. मीं मूळ कागद दोन दिवस डोळ्यांसमोर धरला होता, आणि तो प्रश्न सुटण्यास जें पाहावयास हवें होतें तेवढेंच मीं पाहिलें नव्हतें.

दुसरें उदाहरण घरचें आहे. आमच्या घरीं इ. स. १९०० च्या सुमाराचें एक गहाणखत आहे. त्यावर माझ्या पणजीचें नांव लेखकाच्या हातचें असून शेजारीं 'निशाणी बांगडी' असें आहे. वैदिकाच्या घरीं जन्मलेली ही बाई. तिला अनेक स्तोत्रें मुखोद्गत होतीं असें घरांत सांगत. अक्षर मात्र तिला कोणी शिकविलें नाहीं. खत झालें तेव्हां ती विधवा होती. त्या काळच्या रूढीप्रमाणें हातांत बांगडी उरलेली नव्हती, आणि कायदेशीर कागदावर तिच्या हातानें उमटली ती बांगडीच. वर्तुळ पुरें मिटलेलें नाहीं. दोन टोकें एकमेकांवरून गेलीं आहेत, आणि मध्यें शाई संपल्यामुळें बोरू पुन्हा बुडविल्याची खूण आहे. आमच्या घराण्यांतील पुरुषांचीं पत्रें पेटी भरून आहेत. तिच्या हाताचें एवढेंच आहे. 'निशाणी बांगडी' हे दोन शब्द मीं कितीहि शुद्ध उतरून घेतले तरी त्यांत ती येणार नाहीं.

निशाण्यांचें कौतुक करतांना त्यांचा भारहि विसरूं नये. लक्षणाचा गुणच हा कीं तें जातीचें असतें, व्यक्तीचें नसतें. गांवांत शंभर स्त्रिया असल्या तरी कागदावर वर्तुळ एकच. चांभाराच्या घरीं जन्मलेल्यानें रापी हातीं धरली नाहीं तरी त्याच्या नांवापुढें रापी. जन्म, धंदा व नांव यांची गांठ ज्या समाजांत सुटत नव्हती त्याचीच ही लिपि होती. वतन हें मानाचें तसेंच बांधून ठेवणारें. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत बिल आणलें तें याच जाणिवेनें, आणि कनिष्ठ गांववतनें शेवटीं १९५८ च्या मुंबई कायद्यानें रद्द झालीं. ज्यांच्या नातवंडांनीं सही करावयास शिकून ही निशाणी मागें टाकली त्यांना तिच्याविषयीं हळहळ वाटावी असें कोणी म्हणणार नाहीं. कागद जपावयाचा तो खरें काय होतें हें कळावें म्हणून.

निशाणीचा वापर मागें पडला तो आंगठ्यामुळें. बंगाल्यांत जंगीपुरास विल्यम हर्शेल यानें १८५८ सालीं एका करारावर हाताचा ठसा घेतला, आणि १८९७ सालीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. त्याच वर्षींच्या सर्वसाधारण व्याख्यांच्या कायद्यानें, ज्यास नांव लिहितां येत नाहीं त्याच्या सहींत त्याच्या खुणेचा समावेश केला. म्हणजे कायद्यानें निशाणी नाकारली नाहीं, आंगठ्यानें तिची जागा घेतली. आंगठा सहजासहजीं खोटा करतां येत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. परंतु आंगठा एवढेंच सांगतो कीं हा देह तोच. गांवांत त्या माणसाची जागा कोणती, हें नांगर सांगत असे. शिवाय आंगठा उमटतो, निशाणी काढावी लागते. आंगठ्यांत हाताचा निर्णय नाहीं.

तथापि थोडक्या रेघांनीं वस्तु दाखवून अर्थ पटविण्याची ही रीति अगदींच संपली असें नाहीं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत कोट्यवधि निरक्षर मतदारांपुढें पक्षांचीं नांवें ठेवून भागण्यासारखें नव्हतें. तेव्हां बैलजोडी, कणीस व विळा अशा आकृति पुढें आल्या. तेथेंहि एकीचा भास दुसरीवर होऊं नये ही अतिव्याप्तीची काळजी होतीच. महजरावर माणूस आपली खूण काढी; मतपेटीवर तो दुसऱ्याची खूण ओळखूं लागला.

राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं स्थापन झालें. सरदेसायांच्या हातून पेशवे दप्तराचे निवडक भाग १९३० पासून बाहेर पडले. त्या पिढ्यांनीं जें उचललें त्यापुढें आपण नम्रच असावें. छापील साधनांत निशाणीच्या जागीं बहुधा शब्दच आढळतात, याचा त्यांस दोष देतां येत नाहीं. प्रत्येक आकृतीचा ठसा करवून घेणें त्या काळीं खर्चाचें होतें, आणि कागद वाचण्यापूर्वींच नष्ट होत होते. आज ती सबब उरलेली नाहीं. प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र घेण्याचें साधन आहे.

म्हणून संग्राहकांस व उतारे करणारांस विनंति ती इतकीच. महजर, खरेदीखत, वांटणीपत्र, गहाणखत, जें हातीं येईल त्यांतील प्रत्येक निशाणीचें मूळ मापाचें छायाचित्र घ्यावें, आणि शक्य तर पातळ कागद वर ठेवून ती हातानेंहि उतरून घ्यावी. उतरवितांना रेघांचा क्रम आपोआप कळतो. आकृति नांवाच्या डावीकडे कीं उजवीकडे, शाई मजकुराची कीं निराळी, लेखणी मध्यें उचलली काय, शेजारीं दस्तुर आहे काय, या चार गोष्टी टिपाव्या. दोन नांगर असल्यास त्यांचा क्रम व आकार लिहावा. जुने उतारे ज्यांच्या वह्यांत आहेत त्यांनीं मूळ कागद अद्याप असल्यास, एकवार पुन्हा जाऊन अखेरच्या ओळी पाहाव्या. पावसाळ्यापूर्वीं जावें हें बरें.

आमच्या घरच्या खतावरील वर्तुळाचें मूळ मापाचें चित्र प्रस्तुत लेखकानें घेऊन ठेवलें आहे. पाहूं इच्छिणारांस तें दाखविण्यांत येईल.